काळं दारम्

सव्वीस वर्षं मी काचेच्या टेबलाशी उभी आहे,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, फोल्डिंग खात्यात.
काचेखाली ट्यूबलाईट, काचेवरून सरकतो टॉवेल,
आणि जिथं एक धागा कमी
तिथून उजेड जरा जास्तच वर येतो.
मी खडूनं गोल करते. एवढंच माझं काम.

म्हणून डॉक्टर हिरेमठांनी फिल्म उजेडावर लावली
तेव्हा त्यांच्या आधी मी बोट ठेवलं.
नववा मणका.
ते म्हणाले, तुम्हाला कसं कळलं?
वीण सुटलीय की ओ, मी म्हणाले.

गाठ काढायची. मग मणक्यांना आधार:
दोन दांड्या, आठ स्क्रू.
त्यांनी दोन नमुने पुढं ठेवले.
एक टायटॅनियमचा, चकचकीत,
नव्या धोट्याच्या टोकासारखा.
दुसरा काळा, हातात घेतला तरी
घेतल्यासारखा वाटेना.

भूमय्या भावजी म्हणाले, धातू तो धातू.
प्लास्टिकवर कुणी घर उभं करतं का?

मी काळा तुकडा खिडकीकडं धरला.
कापल्या कडेला केसाहून बारीक तंतू,
हजारो, एकाला एक लागून,
खळ देऊन वाळवलेल्या ताण्यासारखे ताठ.
हे तर दारम्, माझ्या तोंडून गेलं.
आमच्या घरात धाग्याला दारम् म्हणतात.
डॉक्टरांना तेलुगू येत नाही,
पण त्यांच्या कन्नडातही दार म्हणजे दोराच.
हसले. पहिल्यांदाच.

मग सांगत बसले:
धातू स्कॅनमध्ये भडकतो,
त्याच्या पांढऱ्या झळाळीमागं गाठ परत आली
तरी लवकर कळत नाही.
किरणं द्यायची तर तिथंही तो आडवा येतो.
याच्यातून पलीकडचं दिसतं.
पण हे ऐनवेळी वाकवता येत नाही,
जसं आलं तसंच बसवायचं.
महाग आहे.
आणि वर्षांचा अनुभव म्हणाल, तर टायटॅनियमइतका नाही.
या शेवटच्या वाक्यामुळं मी हो म्हणाले.

घरात सासऱ्यांच्या वेळचे दोन माग बंदच होते.
भंगारवाल्यानं किलोवर घेतले.
ओतीव लोखंड टेम्पोत चढवायला पाच माणसं लागली,
खाली फरशीवर तेलाचे दोन चौकोन राहिले.
त्यात रजितानं भिशी उचलून घातली.
भावजी म्हणाले, एवढं लोखंड देऊन
मूठभर दोरा आणलात.
खरंच होतं ते.

स्कॅनच्या बोगद्यात लोक घाबरतात म्हणे.
मला झोप लागली.
खडखड, खडखड, जरा थांबून परत खडखड,
साखर पेठेतली दुपार अशीच असायची,
आवाज बंद झाला की लेकरं जागी व्हायची.

पाचव्या महिन्यात फिल्म पुन्हा उजेडावर.
दांड्या जवळजवळ नाहीतच.
टोकांना फक्त बारके ठिपके,
खुणेसाठी मुद्दाम घातलेले.
आणि डाव्या बाजूला, दांडीच्या मागं,
तिळाएवढं काहीतरी.

डॉक्टर बोलेनात. रजिता भिंतीकडं बघत होती.
मी म्हणाले, पेन द्या.
गोल केला.
माझा हात कापला, पण गोल बरा आला.

आता रोज सकाळी बार्शीची एसटी,
तिथं किरणं, दुपारी परत.
काल रजितानं विचारलं,
सहा महिने दिसलंच नसतं
तर तेवढं तरी सुखात गेलं नसतं का गं?

मी विचार करत राहिले.
न बघता घडी घातलेला टॉवेल
कुणाच्या तरी हातात उलगडतोच,
असं काही सांगणार होते.
सांगितलं नाही. तिचंही वय आहे आशा धरायचं.

वैरागला गाडी थांबली.
तिनं उतरून भजी आणली, गरम,
पाठीला हिसका बसू नये म्हणून
मला जागेवरच दिली.
खाऊन झाल्यावर कागद तिनं खिडकीत धरला.
तेलानं तो पार झाला होता,
मागच्या बाजूची बातमी
उलटी, पण वाचता येत होती.